केंद्राचं दोन दिवसांचं तंत्रज्ञान प्रशिक्षण: माउस कुणाच्या हातात?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातल्या एका केंद्रप्रमुखांचा प्रश्न आलाय (केंद्र म्हणजे जवळजवळच्या शाळांचा गट), तो थोडक्यात असा. केंद्रात ११ शाळा, ३४ शिक्षक, निम्म्याहून जास्त शाळा द्विशिक्षकी. तंत्रज्ञानाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण लावायचं आहे. जवळच्या हायस्कूलची कॉम्प्युटर लॅब मिळेल, १२ मशीन, त्यांतली चालू ९. "याआधी तीन प्रशिक्षणं झाली. पीपीटी झाली, चहा-बिस्कीट झालं, फोटो वर पाठवले. शाळेतल्या टीव्हीवरचं कापड मात्र कुणी काढलं नाही. या खेपेला काय वेगळं करू?"

सर, ते कापड मीही पाहिलंय. क्रोशाचं, हौसेनं विणलेलं, वर प्लॅस्टिकची फुलं. त्यात आळस नसतो, धास्ती असते. महागाची वस्तू आहे, आपल्या हातून बिघडली तर भरून कोण देणार? ही धास्ती पीपीटीनं जात नाही. कशानं जाते ते मला उशिरा कळलं, आणि ते कळायला कारण झाली माझीच एक चूक.

एमएस-सीआयटी या संगणकाच्या कोर्सचा जोर होता तेव्हाची गोष्ट. मी नवी नवी साधनव्यक्ती, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणारी, उत्साह दांडगा. करवीर तालुक्यातल्या एक बाई समोर बसलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या, फळ्यावरचं अक्षर मोत्यासारखं. त्यांना डबल क्लिक जमत नव्हतं. दोन क्लिकच्या मध्ये माउस कणभर सरकायचा आणि फोल्डर उघडायच्या ऐवजी जागचं हलायचं. तीन वेळा झालं, चार वेळा झालं. मागे तीस जण खोळंबलेले. मी वाकले, त्यांच्या हातावर हात ठेवला, टकटक केलं. "हं, झालं बघा!" फोल्डर उघडलं. बाईंनी हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. पुढचे दोन तास तो हात तिथंच होता. जाताना म्हणाल्या, "मॅडम, किती छान शिकवता हो तुम्ही." मी त्या दिवशी खूश होऊन घरी गेले. त्या बाईंनी त्यानंतर माउसला हात लावला नसणार, हे लक्षात यायला मला पुढची चार-पाच वर्षं लागली.

तेव्हापासून मी हॉलमध्ये फिरताना दोन्ही हातांत वही धरते. हात रिकामा असला की तो दुसऱ्याच्या फोनकडे जातोच, कितीही ठरवलं तरी. तुमच्या मदतनिसांनाही हेच सांगा: तोंडानं सांगा, "डाव्या कोपऱ्यात, खाली, तिसरं चित्र", पण बोट लावायचं नाही. चौपट वेळ लागतो, लागू द्या. आपल्या कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या कारखान्यांत लेथवर पोरगं नवीन ठेवतात, तेव्हा मिस्त्री त्याला आधी भंगारातला तुकडा देतो. टूल मोडतं, मिस्त्री शिव्या घालतो, पण हँडल पोराच्याच हातात राहतं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात आम्ही शिव्या घालत नाही, पण हँडल काढून घेतो.

आता तुमच्या दोन दिवसांचं बोलू. पहिली सूचना: ते सलग घेऊ नका. एक दिवस घ्या, मग अडीच-तीन आठवडे जाऊ द्या, मग दुसरा. आदेशात 'सलग' लिहिलं असेल तर वरती बोलून बघा. अगदीच नाही जमलं तर दुसऱ्या दिवसाचं निम्मं काम केंद्रातल्या शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, ढकला. हा काही माझ्या एकटीच्या अनुभवातला निष्कर्ष नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९८० साली सेवांतर्गत प्रशिक्षणावरचं बरंच संशोधन एकत्र करून पाच गोष्टी मांडल्या होत्या: तत्त्व सांगणं, करून दाखवणं, करून घेणं, केलेल्यावर अभिप्राय देणं, आणि नंतर वर्गात सोबत राहून मदत करणं. आपली बहुतेक प्रशिक्षणं पहिल्या दोनवर थांबतात. तिसरी जेवणानंतरच्या सत्रात उरकली जाते, चौथी-पाचवी होतच नाहीत. वर्गात बदल दिसायला शेवटच्याच लागतात. मधल्या तीन आठवड्यांत शिक्षक वर्गात एकदा तरी फसतो, आणि फसलेला माणूस दुसऱ्या दिवशी खरा प्रश्न घेऊन येतो.

दुसरी गोष्ट. उद्घाटनाच्या भाषणात डिसले गुरुजींचं उदाहरण देऊ नका. परितेवाडीच्या या शिक्षकाला २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं याचा अभिमान आपल्या सगळ्यांना आहे, पण सकाळी साडेदहा वाजता ते नाव ऐकलं की निवृत्तीला तीन वर्षं उरलेल्या बाई मनात म्हणतात, हे काय आमच्यातलं नव्हे. त्यापेक्षा तुम्हीच उभे राहा आणि तुम्हाला काय येत नाही ते सांगा. केंद्रप्रमुखाला एखादी गोष्ट येत नाही हे ऐकून हॉल जो सैल पडतो, तो कुठल्याही 'आइस ब्रेकिंग'नं पडत नाही.

आणि त्याच वेळी जाहीर करा की या दोन दिवसांत युडायस, सरल, शालार्थ ही सरकारी पोर्टलं, पोषण आहाराची रोजची नोंद यांतलं काहीही होणार नाही. आपल्याकडे तंत्रज्ञान म्हणजे पोर्टल भरणं, अशी समजूत होऊन बसलीय, आणि त्यात शिक्षकांचा दोष नाही, कारण फोनचा वापर त्यांच्याकडून मुख्यतः त्यासाठीच झालाय. एकानं "मॅडम, तेवढं लॉगिन होत नाही बघा" म्हटलं की दहा जण भोवती जमतात आणि दुपार संपते. त्यासाठी हवं तर पाचनंतरचा अर्धा तास वेगळा ठेवा.

लॉगिनवरून आठवलं. पासवर्डचं काम आठ दिवस आधी करून घ्या, नाहीतर पहिले दीड तास त्यातच जातात. कित्येकांचं ईमेल खातं कधीतरी गावातल्या नेटवाल्यानं काढून दिलेलं असतं, त्याला जोडलेला नंबर जुन्या सिमचा, नाहीतर मुलाचा. मुलगा पुण्याला, तो कामात, ओटीपी त्याच्याकडे. केंद्राच्या ग्रुपवर एवढंच लिहा: "रविवारपर्यंत प्रत्येकानं आपल्या फोनवर आपलं ईमेल उघडून मला एक ओळ पाठवावी." ज्यांच्याकडून ओळ येणार नाही त्यांना फोन करा. कंटाळवाणं काम आहे, पण दोन दिवसांत काय हाती लागेल ते बरंचसं यावर ठरतं.

कॉम्प्युटर लॅब नको. ९ मशीनवर ३४ माणसं म्हणजे एक टाइप करणार आणि तिघं गप्पा मारणार. शिवाय तसं मशीन त्यांच्या शाळेत असेलच असं नाही. स्वतःचा फोन, आणि त्यांच्या शाळेत आहे तसाच टीव्ही किंवा प्रोजेक्टर, एवढ्यावरच शिकवा. हायस्कूलचा हॉल घ्या आणि जवळच्या दोन-तीन शाळांचे टीव्ही उचलून आणता आले तर आणा. जोड्या लावताना दोघं एकाच इयत्तेचे घ्या. 'तंत्रस्नेही', म्हणजे तंत्रज्ञान सहज जमणाऱ्या शिक्षकांची एक वेगळीच पंचाईत असते. ते मनापासून मदत करतात आणि शेजारच्याचं सगळं काम करून टाकतात. म्हणून जोडीला नियम एकच: काम होईल ते ज्याला कमी जमतं त्याच्या फोनवर. ज्याला जमतं त्याचा फोन पिशवीत.

पहिल्या दिवशी सकाळी फक्त फोन टीव्हीला जोडणं. हो, पूर्ण सकाळ. हे दहा मिनिटांचं काम वाटतं आणि वर्गात हेच अडतं. स्क्रीन मिररिंगचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे करून दाखवले नाहीत तर गोंधळ कायम राहतो. एकात फोन आणि टीव्ही थेट एकमेकांशी बोलतात, त्याला इंटरनेट लागत नाही, राउटरही लागत नाही. दुसऱ्यात दोघंही एकाच वायफायवर असावे लागतात. शाळेत वायफाय नसेल तर दुसऱ्या एखाद्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून दोघांना त्यावर आणायचं. ज्या फोनवरून दाखवायचं त्याचाच हॉटस्पॉट चालू केला तर कधी चालतं, कधी नाही, आणि त्या 'कधी नाही'ला वर्गात चाळीस पोरं समोर असतात. वायरनं जोडायचं म्हटलं तर दुकानदार टाइप-सीवरून एचडीएमआयचं कनेक्टर विकतो, पण स्वस्तातल्या बऱ्याच फोनना त्या पिनमधून चित्र बाहेर काढायची सोयच नसते. पैसे घालवण्याआधी दुकानात स्वतःचा फोन लावून बघायला सांगा.

जोडता आलं की मग बिघडवायचं. हे माझ्या प्रशिक्षणातलं सगळ्यात आवडतं सत्र. मी वायर अर्धवट उपसते, टीव्हीचा सोर्स (चित्र कोणत्या खोबणीतून घ्यायचं ते) बदलून ठेवते, आवाज शून्यावर नेते, फोनचा डेटा बंद करते, फोन बॅटरी सेव्हरवर टाकते. मग एकेका जोडीला बोलावते: दुरुस्त करा, बाकीच्यांनी गप्प बसायचं. एका शाळेतला टीव्ही आठ महिने 'बिघडलेला' होता. निळा पडदा, वर 'नो सिग्नल'. दुरुस्तीवाला बघायला यायचेच पाचशे रुपये मागत होता, ते कोणत्या अनुदानातून द्यायचे यावर दोन सभा झाल्या. कुणीतरी साफसफाई करताना केबल एका खोबणीतून काढून दुसरीत घातली होती, एवढंच झालं होतं. रिमोटवरचं सोर्सचं बटण तीनदा दाबलं आणि चित्र आलं. तिथले गुरुजी माझ्याकडे बघून म्हणाले, "आठ महिनं म्हणजे लईच झालं की ओ." ज्यानं पाच प्रकारचे बिघाड स्वतः काढलेत, तो घरी जाऊन टीव्हीवरचं कापड काढतो.

दुपारी तुम्ही ॲप्सची यादी द्याल. देऊ नका. तुमच्या शाळा द्विशिक्षकी आहेत, म्हणजे एका शिक्षकाकडे एका वेळी दोन-तीन इयत्ता. तिथं सगळ्यात उपयोगी पडणारं यंत्र म्हणजे फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर आणि एक लहान ब्लूटूथ स्पीकर. त्यावर श्रुतलेखन रेकॉर्ड करायचं. तिसरीची मुलं त्यावर लिहितात, तोवर गुरुजी पहिलीची अक्षरं घेतात. बस्स, एवढंच. पण हे नीट करायला तास-दीड तास लागतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी प्रत्येकानं आपापल्या वर्गाच्या पाठ्यपुस्तकातला उद्याचा पाठ काढायचा. नमुन्याचा पाठ मी देत नाही, उद्या जो शिकवायचाय तोच. त्यातली सहा वाक्यं निवडायची. पहिल्यांदा सगळे घाईनं वाचतात आणि ऐकल्यावर स्वतःच ओरडतात, "एवढ्या जोरात पोरं कशी लिहितील?" मग मी सांगते: वाक्य एकदा पूर्ण म्हणा, मग तुकड्या-तुकड्यांनी म्हणा, आणि प्रत्येक तुकड्यानंतर तो तुकडा स्वतः कागदावर लिहा. तुमचं लिहून झालं की मनात पाच आकडे मोजा, मग पुढचा. मुलाचा हात तुमच्यापेक्षा हळू चालतो, ते पाच आकडे त्याचे. शेवटी पूर्ण वाक्य पुन्हा एकदा. मध्ये एखाद्या मुलाचं नाव घेतलं तर वर्ग दचकून जागा राहतो: "समर्थ, 'ऊन' मधला ऊ कोणता? बघ हं." गेल्या पावसाळ्यात आम्ही व्हरांड्यात हे करत होतो. पत्र्यावर पाऊस, कुठंतरी कोंबडा. एक बाई सारख्या रेकॉर्डिंग पुसत होत्या, मागं कोंबडा येतोय म्हणून. मी म्हटलं, राहू दे, पोरं ओळखतील आपल्याच शाळेतलं आहे म्हणून. महिन्याभरानं त्यांनी कळवलं की मुलं आता "कोंबड्याचं श्रुतलेखन लावा" म्हणतात.

स्वतःचा आवाज ऐकताना माणसं लाजतात, पदर तोंडाला लावतात, गुरुजी मंडळी उगाच खाकरतात. पण त्या दीड तासात फाइलला नाव देणं, ती परत शोधणं, ब्लूटूथ जोडणं, दुसऱ्याला पाठवणं हे सगळं न शिकवता शिकून होतं. मी 'फाइल मॅनेजमेंट' नावाचं सत्र पूर्वी घ्यायचे. आता घेत नाही. "कालचं रेकॉर्डिंग सापडत नाही" असं कुणीतरी म्हणतंच, तेव्हा पाच मिनिटांत होतं.

मराठी टायपिंगवर मात्र थोडं बोलावं लागेल, कारण तिथं जुनं दुखणं आहे. ज्यांना कॉम्प्युटर येतो त्यांच्याकडे पंधरा-पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका जुन्या फॉण्टमध्ये साठलेल्या असतात. त्या फोनवर उघडल्या की नुसती चिन्हांची खिचडी. कारण सांगा: त्या फॉण्टमध्ये अक्षर इंग्रजीच साठवलेलं असतं, वर फक्त मराठीचा मुखवटा. फॉण्ट गेला की मुखवटा गेला. युनिकोडमध्ये 'क' हा 'क' म्हणूनच साठतो, म्हणून तो कुठंही 'क'च दिसतो. जुन्या फाइली रूपांतर करून घेता येतात, पण जोडाक्षरं तपासावी लागतात. नवीन काम सगळं युनिकोडमध्येच. फोनवर बोलून टायपिंग दाखवा. ज्यांची बोटं चालत नाहीत त्यांचं तोंड चांगलं चालतं, शिक्षकच आहेत शेवटी. पण बोलून आलेला मजकूर वाचून दुरुस्त करणं हेच खरं काम, त्यालाच वेळ ठेवा. मराठीच्या शिक्षकांकडून हमखास येणारा प्रश्न: 'दऱ्या' लिहायचंय आणि 'दर्या' उमटतं. सह्याद्रीत समुद्र घुसतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर त्यासाठी वेगळा 'ऱ' आहे, शिफ्ट धरून J दाबायचं, मग D म्हणजे हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह), मग य. ही एक युक्ती सांगितलीत की मराठीवाले तुमचे झालेच.

संध्याकाळी घरी जाताना प्रत्येकाच्या फोनमध्ये उद्याच्या पाठाचं एक काहीतरी तयार हवं. रेकॉर्डिंग असेल, सहा प्रश्नांची पत्रिका असेल, काहीही. मधल्या आठवड्यांसाठी काम एकच: ते वर्गात वापरा आणि काय फसलं त्याचा एक फोटो ठेवा. यशाचा फोटो मागू नका, तो सगळ्यांकडे असतो.

दुसऱ्या दिवसाची सुरुवात या फसलेल्या फोटोंनी करा. इथं तुम्ही कमी बोला. एकाचा स्पीकर चार्ज नव्हता, एकीला मुलांनी टीव्हीसमोर एवढी गर्दी केली की मागच्यांना दिसेना, एकाच्या टीव्हीवर पाठाच्या ऐवजी बायकोचा व्हॉट्सॲप मेसेज सगळ्या वर्गानं वाचला. (मेसेज होता, "येताना मिरच्या आणा." पुढं आठवडाभर पोरं विचारत होती, सर, मिरच्या आणल्या का?) यातूनच सूचना बंद कशा ठेवायच्या हे शिकवा, त्यासाठी वेगळी स्लाइड नको.

मग मूल्यमापन. मुलांकडे फोन नाहीत, तर प्लिकर्ससारखं कार्डांचं साधन उत्तम. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड, त्यावर चौकटींचा ठसा, चार बाजू म्हणजे चार पर्याय. मूल आपल्या उत्तराची बाजू वर धरतं, शिक्षक एकाच फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतो आणि कुणाचं काय उत्तर ते फोनवर येतं. प्रत्येकाचा ठसा वेगळा असल्यानं शेजारच्याचं बघून फिरवता येत नाही. कार्डं वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवा, वर्ष-दोन वर्षं टिकतात. तुमच्या शिक्षकांना आधी विद्यार्थी करा. मी एकदा विचारलं: ८ भागिले ०.५ किती? हॉलमधल्या निदान सहा कार्डांवर ४ होतं. नावं पडद्यावर दिसत नव्हती, ती मी मुद्दाम झाकली होती. त्या क्षणी जी शांतता झाली, त्यातून पुढचा अर्धा तास गणित कसं शिकवावं यावर निघाला, तंत्रज्ञान बाजूलाच राहिलं. असं झालं तर वेळापत्रक मोडू द्या.

गुणांची शीट दाखवताना एक खड्डा आधीच सांगून ठेवते. कीबोर्ड मराठी असला की शिक्षक गुणही मराठी आकड्यांत भरतात, १७, २२, १९. छान दिसतात. खाली बेरीज लावली की शून्य. एका सरांनी तीन वेळा सूत्र तपासलं, मग मला म्हणाले, "माझा वर्ग एवढा पण वाईट नाही." शीटला ते आकडे म्हणजे अक्षरं वाटतात. आकड्यांपुरता कीबोर्ड इंग्रजी करायचा, झालं.

नेटवर विसंबू नका हे तुम्हाला भुदरगडात मी काय सांगावं. जुलै-ऑगस्टात तिकडं काय, गगनबावड्यात काय, शाहूवाडीत काय, लाइट आणि रेंज दोन्ही पावसाच्या मर्जीवर. विज्ञान-गणितासाठी कोलोराडो विद्यापीठाचा 'फेट' हा प्रकल्प बघून ठेवा. २००२ साली नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो सुरू केला. त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती (पडद्यावर करून बघायचे प्रयोग) मराठीत आहेत, आणि एकदा फोनमध्ये उतरवून घेतल्या की नेटशिवाय चालतात. विजेचं मंडल जोडून बल्ब पेटवायचं त्यातलं एक आहे, सहावी-सातवीला अफाट चालतं. पण तीन रुपयांची वायर, सेल आणि बल्ब हातात देणं शक्य असेल तर आधी ते द्या, मग पडद्यावरचं. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडचं आणि दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपचं साहित्यही आधी उतरवून ठेवता येतं. दीक्षा २०१७ च्या शिक्षक दिनापासून आहे, बहुतेकांच्या फोनमध्येही आहे, पण आधी उतरवून ठेवायची सोय कुणी वापरत नाही.

एआयचं काय, हा प्रश्न येणारच. मी वीस मिनिटं देते, जास्त नाही. चौथीसाठी राजर्षी शाहू महाराजांवर दहा ओळींचा उतारा मागायला सांगते. हा विषय मुद्दाम, कारण कोल्हापुरातल्या शिक्षकाला जन्म २६ जून १८७४, सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम १९१७, हे झोपेतही सांगता येतं. एकदा आलेला उतारा इतका सफाईदार होता की पहिल्या वाचनात सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एका गुरुजींनी सन पकडलं, दुसऱ्यांनी एक न घडलेला प्रसंग पकडला आणि हॉल तुटून पडला. मग मी विचारते, हाच उतारा मंगोलियावर असता तर चूक कुणी पकडली असती? माझं मत असं की माहिती त्याला विचारू नये, माहिती आपण द्यावी. पाठ आपला, त्यावर सोपे-कठीण दहा प्रश्न काढून घ्यावेत आणि त्यातले चार ठेवावेत. आणि मुलांची नावं, फोटो, आधार क्रमांक असलं काही तिथं टाकू नये, ग्रुपवरही नको. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, हे मुख्याध्यापकांच्या कानावर असू द्या.

तासांचं म्हणाल, तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकानं वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं आहे. ते भरायला ऑनलाइन कोर्स असतात आणि त्यांचे व्हिडिओ आवाज बंद करून एका बाजूला चालू, दुसऱ्या बाजूला भाकरी थापणं, हेही असतं. मीही केलंय, खोटं कशाला बोलू. म्हणून तुमच्या दोन दिवसांचे तास नोंदवले जातील एवढं बघा, पण प्रमाणपत्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देऊ नका. वर्गभेटीनंतर द्या.

ती वर्गभेट तुमच्या हातात आहे, आणि साधनव्यक्तीकडे नसलेली हीच सोय तुमच्याकडे आहे. केंद्रप्रमुख शाळेत आला की शिक्षकाला तपासणी वाटते. म्हणून आधी सांगून जा, नोंदवही नेऊ नका, आणि मागं बसू नका. मुलांमध्ये बसा आणि श्रुतलेखन तुम्हीही लिहा. ११ शाळा आहेत, आठवड्याला दोन धरल्या तरी दीड महिना. काही अडलं तर तिथंही हात मागं. चंदगडकडच्या एका शाळेत मी अशीच गेले होते, तिथं शिक्षक अडल्यावर चौथीतली मुलगी उठली, टीव्हीजवळ गेली आणि रिमोट हातात न घेता म्हणाली, "गुरुजी, सोर्स दाबा." वही हातात धरायची युक्ती तिला कुणी सांगितली होती कोण जाणे.

राहिलं साहित्य. पाच मीटरची एचडीएमआय केबल, दोन नग, कारण एक ऐन वेळी दगा देते. टाइप-सी आणि जुन्या पिनचे चार्जर. एक जास्तीचा रिमोटचा सेल. छापील कार्डांचे दोन संच. ३४ फोन दुपारी दोननंतर एकामागून एक मान टाकतात, त्यामुळे एक्स्टेन्शन बोर्ड निदान सहा. आणि त्या हॉलला चालू सॉकेट किती आहेत ते हायस्कूलच्या शिपायाला आजच विचारा. मुख्याध्यापकांना विचारू नका, त्यांना ते माहीत नसतं.